कडा काढलेला पाव

माझ्या आईनं अकोल्यात एकतीस वर्षं प्रभुभोजनाचा पाव कापला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रत्येक सभासदाला पावाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि अंगठ्याएवढ्या ग्लासातून घोटभर द्राक्षरस मिळतो. पाळक त्यावर प्रार्थना करतात, वडील मंडळी तो ट्रेमधून बाकाबाकांवर फिरवतात आणि लोक डोळे मिटून खातात. डोळे मिटलेले असल्यामुळे हा पाव आला कुठून, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही.

तो आमच्या स्वयंपाकघरातून येत असे. आदल्या दिवशी, शनिवारी, आई न कापलेला अख्खा पाव आणायची. आधी चारी बाजूंच्या कडा काढायच्या, मग पांढऱ्या भागाच्या लाद्या, लाद्यांच्या पट्ट्या आणि पट्ट्यांचे चौकोन. द्राक्षरस म्हणजे काळ्या मनुकांचं पाणी. मनुका सकाळी भिजत घालायच्या, दुपारी अल्युमिनियमच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, उकळायच्या, जुन्या मलमलीतून गाळायच्या. त्या एकतीस वर्षांत पाच-सहा पाळक आले आणि गेले, कमिट्या किती झाल्या त्याचा हिशेब नाही. मनुका उकळणारी बाई मात्र बदलली नाही. त्या कामाला पद नव्हतं, म्हणून त्यावर कुणाचा डोळा नव्हता.

कडा माझ्या. साय-साखर लावून त्या खायच्या हा माझ्या लहानपणातला महिन्याचा एक सण होता. आठ वर्षांची असताना मी एकदा पांढऱ्यातला एक चौकोन तोंडात टाकला. आईनं मारलं नाही. मी घाबरून विचारलं की आता मला पाप लागेल का. ती म्हणाली, "प्रार्थना होईतोवर तो पावच हाय. पन तो तुह्या वाट्याचा पाव नाई." आणि नवा चौकोन कापून तिनं ताटातली ओळ पुरी केली.

बाबा गेल्यावर दोन वर्षं ती अकोल्यात एकटी राहिली. मग गुडघ्यांनी ऐकणं सोडलं, तेव्हा मी तिला अमरावतीला माझ्याकडे घेऊन आले. मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गावाबाहेरच्या एका लेआउटमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. खाली कोचिंग क्लास, समोर कोचिंग क्लास आणि मधल्या चौकात फलकांवर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलांचे एवढाले चेहरे. आईनं सामानात तो गंज, ती मलमल आणि बिनदात्यांची सुरी आणली होती. मी म्हटलं, इथं हे कशाला लागणार. तिनं ते ओट्याखाली ठेवलं. टीव्ही, खोली, पंखा कशाबद्दलच तिची मागणी नव्हती. तिनं एकच काम सांगितलं, "मह्यासाठी एक चर्च पाह्य."

मी स्थळं पाहावीत तशी चर्चं पाहू लागले. मी स्वतः कॉलेजात असल्यापासून चर्चला जात नाही. देवाशी माझं भांडण नाही, जाणं-येणं कमी झालंय एवढंच. बायबलातला जुना करार मी अजूनही वाचते, पण चांगलं गद्य म्हणून, आणि हे मी आईला सांगत नाही. पहिलं स्थळ टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होतं. तिथं ड्रम होते, कीबोर्ड होता आणि सुटातले एक गृहस्थ माइक तोंडात धरून रोगांना दरडावत होते. आई दोन तास शांत बसली. जिना उतरताना म्हणाली, "देवाले आयकू येत नाई काय व?" ते स्थळ तिथंच बारगळलं.

दुसरं जुनं, दगडी चर्च. गाणी ओळखीची, चाली ओळखीच्या. आत पाऊल टाकताच आईचा चेहरा सैल पडला. मी वर पाहिलं. छताला चौदा पंखे होते आणि प्रत्येकाच्या पात्यांवर लाल रंगात लिहिलेलं होतं की तो कोणाच्या स्मरणार्थ कोणी दिला. पंखे फिरत असताना काही वाचता येत नाही. वीज गेली की मृतांची नावं हळूहळू दिसू लागतात आणि लोक घाम पुसत ती वाचतात. भिंतीवर कोनशिला होती, जीर्णोद्धाराची शिला होती, फाटकाच्या उद्‌घाटनाची शिला होती आणि रंगकामाचीसुद्धा एक होती. त्या दिवशी कोणा पाहुण्यांचा सत्कार होता. शाल आणि पुष्पगुच्छ. श्रीफळ नाही, कारण ते हिंदूंचं. इतर बाबतींत कुठल्याही सहकारी बँकेची सभा वाटली असती.

नवीन आलेल्यांनी उभं राहावं असं पाळकांनी सांगितलं. आम्ही उभ्या राहिलो, टाळ्या पडल्या. बाहेर चहा मिळाला. चर्चचे सेक्रेटरी आपणहून येऊन भेटले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आई अकोल्याला मिशनच्या शाळेत शिकवत होती हे कळल्यावर त्यांनी तिला लगेच बाई म्हणायला सुरुवात केली. येताना ऑटोत आई म्हणाली की गाणं थोडं संथ म्हणतात, पण चांगले लोक आहेत.

दोन आठवड्यांनी महिन्याचा पहिला रविवार आला. आई आदल्या दिवसापासून कमी बोलत होती. प्रभुभोजनाआधी ती नेहमीच तशी असते. कोणाशी काही वाकडं झालं असेल तर ते आधी सरळ करून मगच खायचं, हा तिचा जुना नियम. त्या शनिवारी तिनं खालच्या मजल्यावरच्या बाईंशी पाण्याच्या मोटारीवरून झालेलं भांडण जाऊन मिटवलं. भांडण माझं होतं, पण तिनं मिटवलं.

चर्चमध्ये ट्रे फिरू लागले. आमच्या बाजूला सेक्रेटरी स्वतः होते. आईनं हात पुढे केला. साठ वर्षांच्या सवयीचा हात होता तो, त्यानं विचार केलेला नव्हता. सेक्रेटरींनी ट्रे किंचित वर उचलला, मांजर आलं की दुधाचं भांडं उचलावं तेवढाच, आणि पुढच्या बाकाकडे गेले. आईनं हात परत घेतला आणि पदराखाली ठेवला. माझ्यावरून ट्रे गेला हे योग्यच होतं, मी काही तिथं जेवायला गेले नव्हते.

बाहेर आल्यावर सेक्रेटरींनी फार सौजन्यानं समजावलं. आईचं पत्र आलेलं नव्हतं. एका मंडळीतून, म्हणजे एका चर्चच्या सभासदांतून, दुसरीत जाताना जुन्या मंडळीचं पत्र आणावं लागतं, हा माणूस आमचा सभासद होता, याची वर्तणूक चांगली होती, याला आपल्यात घ्यावं, असं. पत्र आलं की नाव चढतं, नाव चढलं की पाव मिळतो.

"नियम म्हंजे नियम, बाई," ते म्हणाले. "उद्या कोनीई येऊन हात पुढं करीन."

खरी गोष्ट मला पुढं कळली. प्रभुभोजनाची यादी हीच कमिटीच्या निवडणुकीची मतदारयादी होती. निवडणूक तोंडावर होती आणि दोन्ही बाजू नव्या नावांवर पहारा ठेवून होत्या. माझ्या आईच्या तोंडात पावाचा तुकडा गेला असता तर तिला मत मिळालं असतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेल्या बाईच्या मताची एवढी भीती मी लोकसभेलाही पाहिलेली नाही.

आईला हे काही गैर वाटलं नाही. पत्र लागतंच, ती म्हणाली, जा आणि घेऊन ये.

तर मी रजा टाकून अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत मला वाटत होतं की हे अर्ध्या तासाचं काम आहे. मी विसरले होते की अकोल्यात आता आमची एक मंडळी नव्हती, दोन होत्या. काही वर्षांपूर्वी एका पाळकाच्या बदलीवरून तिथं फूट पडली, प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल लागेपर्यंत अशी व्यवस्था ठरली की एका गटानं सकाळी आठला उपासना करायची आणि दुसऱ्यानं अकराला. चर्च तेच, बाक तेच, देवही मला वाटतं तोच. कमिट्या दोन, शिक्के दोन, कुलुपंसुद्धा दोन. दोन्ही गटांचे अध्यक्ष एकमेकांचे साडू. एकाच कंपाउंडमध्ये त्यांची घरं आहेत आणि मधे कमरेएवढी भिंत आहे.

आधी मी आठच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांनी फार प्रेमानं विचारपूस केली, बाईंसारखी बाई पुन्हा होणार नाही म्हणाले आणि पत्र लगेच लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं: सदर भगिनींचा बेकायदेशीर गटाशी कधीही संबंध आलेला नाही. मी भिंतीला वळसा घालून अकराच्या अध्यक्षांकडे गेले. तिथंही चहा, तिथंही प्रेम, आणि पत्रात अक्षरशः तेच वाक्य. बहुधा दोघांनी फूट पडण्याआधी एकाच टायपिस्टकडून मसुदा करून घेतला होता. निघताना दोघींनी, म्हणजे दोघांच्या बायकांनी, त्या सख्ख्या बहिणी, आईसाठी लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या दिल्या. लोणचंही एकाच चवीचं होतं.

आता माझी हुशारी सांगते. एका पत्रापेक्षा दोन बरी असा मी विचार केला. अमरावतीच्या लोकांना आठचं चालतं की अकराचं हे मला ठाऊक नव्हतं, तर दोन्ही देऊ, जे हवं ते ठेवून घेतील. जन्मभर कागद तीन प्रतींत जोडत आलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? बसस्टँडवरून ऑटो केला, वाटेतच सेक्रेटरींच्या घरी उतरले आणि दोन्ही पाकिटं त्यांच्या हातात ठेवून मोकळी झाले. मग घरी जाऊन आईला अकोल्यातलं सगळं सांगितलं आणि तिच्यासाठी मोबाइलवर काढून ठेवलेले दोन्ही पत्रांचे फोटो वाचून दाखवले.

ती लोणच्याची बरणी पुसत होती. त्या वाक्याशी हात थांबला.

"संबंध कसा नाई आला?" ती म्हणाली. "मी तं दोघायच्याई मनुका उकळल्या. एकाच गंजात."

मला हे माहीत नव्हतं. फूट पडल्यानंतरची सगळी वर्षं ती शनिवारी एकदाच मनुका उकळायची, दोन बाटल्या भरायची, पाव दोन डब्यांत घालायची. आठची बाटली आठला, अकराची अकराला. कोर्टात एकमेकांना चोर म्हणणारे ते दोन गट एकाच पावाचे दोन अर्धे खात होते आणि हे फक्त तिला माहीत होतं. मी म्हटलं, मग तू स्वतः कुणात खायचीस? ती म्हणाली, एका महिन्यात आठला, दुसऱ्यात अकराला. कोणाला वाईट वाटू नये म्हणून.

मग तिनं पत्रं मागितली. दोन्ही खोटी आहेत, देऊ नकोस म्हणाली. मी सांगितलं की देऊन झाली.

कमिटीच्या टेबलावर ती दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवली गेली. त्या बैठकीचं वर्णन सेक्रेटरींनी मला नंतर ऐकवलं. विषय क्रमांक सात. एक पत्र म्हणत होतं की आई इकडचीच, दुसरं म्हणत होतं की तिकडचीच. दोन्ही खरी असू शकत नव्हती आणि कुठलं खोटं हे ठरवणं म्हणजे अकोल्याच्या कोर्टाआधी अमरावतीनं निकाल देणं. ही जोखीम कोणी घेईना. शेवटी प्रकरण वरच्या कार्यालयाकडे मार्गदर्शनासाठी पाठवायचं ठरलं. मी विचारलं, मार्गदर्शन कधी येतं? ते म्हणाले, मॅडम, येते.

महिने जाऊ लागले. पहिल्या रविवारी ट्रे आमच्या बाकाशी आला की सेक्रेटरींचा हात आपोआप वर जाई. पुढं पुढं तर आई ट्रे यायच्या आधीच पदर सारखा करू लागली, म्हणजे त्यांना उचलायचा त्रास नको.

पावसाळ्यात एका शुक्रवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात पत्र्याची पेटी. पेटीत प्रभुभोजनाचे ग्लास होते. ही तयारी करणाऱ्या बाई मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या, आणि आईनं अकोल्यात काय केलं होतं ते कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. बाईंचा हात लागला तर बरं होईल, असं ते म्हणाले. एका चिठ्ठीवर किती तुकडे लागतील तो आकडाही आणला होता. एकशे बारा.

मी दारातच उभी होते. विचारलं, "मग आई खाऊ शकेल का?"

"ते वेगळं प्रकरण हाय, मॅडम," ते म्हणाले. "हे सेवेचं हाय. सेवेले पत्र लागत नाई."

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "ठेवा टेबलावर."

त्या रात्री मी तिच्याशी भांडले. स्वयंपाकीण म्हणून चालतेस, जेवायला नाही चालत, हे तुला दिसत नाही का, असं म्हटलं. आमच्या लोकांनी, आमच्या आजोबा-पणजोबांनी, जातीमुळे वेगळ्या बसवलेल्या ज्या पंगतींतून उठून ही वाट धरली त्या पंगतींचंही मी नाव घेतलं. ती मनुका निवडत होती. म्हणाली, पाव काही सेक्रेटरीच्या घरचा नाही. आणि काळ्या मनुकांत काड्या फार आहेत, दुसऱ्या दुकानातून आण.

पावाचा प्रश्न निघाला. तिला तुकडे केलेला, पिशवीतला, गोड पाव चालत नाही. अकोल्यात एका मुसलमान बेकरीवाल्याच्या घराण्यानं तिला तीस वर्षं पाव दिला होता, बापानं आणि मग मुलानं. इथं मी स्कूटीवर तिला घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या आणि एका मशिदीमागच्या बोळात भट्टी सापडली. बेकरीवाले साठीचे, दाढीला मेंदी. आईनं अख्खा, कमी गोड पाव मागितला तेव्हा त्यांनी विचारलं, "किसके लिए, अम्मा?" चर्चसाठी, ती म्हणाली, उद्याच्या प्रार्थनेचा आहे, महिन्यातून एकदा लागतो. त्यांनी हातातला पाव खाली ठेवला आणि आतून दुसरा आणला. हा आज सकाळचा, म्हणाले, इबादतीला कालचा कशाला. आणि पुढच्या वेळेपासून सांगायची गरज नाही, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिचा पाव वेगळा काढून ठेवीन. तिचं नाव, गाव, आठ की अकरा, काही विचारलं नाही.

आईनं एकशे बारा तुकडे केले. मोजून एकशे बारा. एखादा जास्तीचा असावा, पडला-सांडला तर, असं मी सुचवलं. ती म्हणाली, पडत नाई. कडा तिनं बशीत घालून माझ्यापुढे सरकवल्या. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, रागावलेली होते, तरी खाल्ल्या.

रविवारी तो ट्रे, तिनं भरलेला, तिच्या डोक्याएवढ्या उंचीवरून पुढे गेला. उपासना संपल्यावर तीन-चार बायका येऊन म्हणाल्या की या महिन्यात रस फार चांगला झाला होता, बाई. एक म्हणाली, आधीच्या पाण्याला चवच नसायची. आई म्हणाली, मनुका चांगल्या मिळाल्या.

पुण्याला गेलेल्या बाई परत आल्या, पण पेटी आमच्याकडेच येत राहिली. मी एकदा पाळकांना गाठलं. तरुण माणूस, तिशीतला, नुकताच शिकून आलेला, डोळ्यांत बुद्धी होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्याच्या हातात असतं तर. मी विचारलं की पाव कुणाच्या हातात असतो? तो लाजला. लाज वाटणारा पाळक मी बऱ्याच वर्षांनी पाहिला म्हणून पुढं काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

चौदा महिन्यांनी मार्गदर्शन आलं. ते सांगायला पाळक आणि सेक्रेटरी दोघंही दुपारी घरी आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. आईनं चिवडा केला होता. सेक्रेटरींनी कागद उलगडून वाचला. दोन्ही पत्रं बाजूला ठेवावीत, म्हणजे कोणाचाच अपमान होत नाही, आणि सदर भगिनींना पत्राऐवजी विश्वासाची जाहीर कबुली घेऊन सभासद करावं. थोडक्यात, नवीन माणूस म्हणून. त्यासाठी दहावीच्या मुलामुलींचा वर्ग चालू होता, सहा रविवार. आईनं त्या वर्गात बसायचं आणि शेवटी त्यांच्या ओळीत उभं राहून प्रश्नांची उत्तरं द्यायची. ते प्रश्न आणि ती उत्तरं तिनं अकोल्यातल्या तीन पिढ्यांकडून पाठ करून घेतली होती. हे सांगायला मी तोंड उघडलं तर आईनं हात वर केला.

तिला राग आलेला दिसत नव्हता. उलट चेहऱ्यावर एक आशा होती, आणि तीच मला बघवत नव्हती. वर्गाचं तिला काही वाटत नव्हतं. गुडघ्यांना बसायला खुर्ची मिळेल का एवढं तिनं विचारलं. मिळेल, म्हणाले. मग तिनं विचारलं की उभं राहून म्हणायचं काय असतं, शब्द तेच आहेत की बदलले?

पाळकांनी खिशातली वही काढून वाचलं. बरंचसं तेच होतं. आई मान डोलवत ओठांनी सोबत म्हणत होती. शेवटी एक वाक्य होतं, की मी आज पहिल्यांदा प्रभूच्या मेजाशी येत आहे.

"पयल्यांदा?" आई म्हणाली.

"तसं लिहायचं असतं, बाई," पाळक म्हणाले. "नवीन सभासदांसाठी."

आईनं चिवड्याची बशी त्यांच्याकडे सरकवली. मग तिनं अगदी साधेपणानं, वर्गात मुलाला न समजलेलं विचारावं तसं विचारलं, "मंग आतापरयंत मी काय खाल्लं?"

सेक्रेटरी म्हणाले की हा फक्त नमुना आहे, मनावर घेऊ नका. पाळकांनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. आई म्हणाली की तिला हे म्हणता येणार नाही. बाकी सगळं म्हणता येईल, हे नाही. खोटं बोलून तो पाव खाता येत नाही, आधीच दोन पत्रं खोटी झाली आहेत. पाळकांनी हळूच सेक्रेटरींना विचारलं की तेवढं वाक्य गाळता येईल का. सेक्रेटरी म्हणाले, वरून आलेल्या मसुद्यात बदल करायचा तर पुन्हा वर पाठवावं लागेल.

"तुमी चहा घ्या," आई म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."

पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंद झाली की संबंधित भगिनींनी सभासदत्वाबाबत स्वारस्य दाखवलं नाही, सबब विषय बंद करण्यात येत आहे. त्याच बैठकीत आणखी एक मुद्दा निघाला. ज्या व्यक्तीनं कबुली नाकारली तिच्या हातून प्रभुभोजनाची तयारी करून घेणं कितपत उचित, असा. सेवेले पत्र लागत नाई हे खरं, पण नकार चालत नाही. सेक्रेटरी पेटी न्यायला आले तेव्हा आईनं ग्लास धुऊन, पुसून, पालथे घालून ठेवले होते. त्यांनी तिच्या आजवरच्या सेवेबद्दल मंडळीच्या वतीनं आभार मानले. येत्या नाताळात छोटासा सत्कार करायचा विचार आहे असंही म्हणाले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं की शाल की पंखा. त्यांना विनोद कळला नाही. म्हणाले, शालच.

आता चर्चमध्ये दुकानातला पिशवीतला पाव आणतात, कडांसकट कापतात आणि बाटलीतलं जांभळं सरबत पाणी घालून देतात. पहिल्या रविवारी ट्रे जवळून गेला तेव्हा आईनं वास घेतला आणि माझ्याकडे झुकून म्हणाली, "रसना हाय." गेल्या दीड वर्षात उपासना चालू असताना ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य असावं. तक्रार म्हणून म्हणाली नाही, माहिती म्हणून म्हणाली. ती अजून दर रविवारी जाते, त्याच बाकावर बसते, ट्रे यायच्या आधी पदर सारखा करते. मी तिला सोडते आणि आता बाहेर गाडीपाशी थांबते. आत पंखे फिरत असतात.

राहता राहिली बेकरी. पेटी गेली त्याच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आई म्हणाली, पाव घेऊन ये. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, त्यानं वेगळा काढून ठेवला असन. मी म्हटलं, सांगून टाकते ना त्यांना की आता नको. तिनं कापडी पिशवी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "काहून नको, असं तो इचारन. काय सांगशीन?"

खरंच काय सांगणार? मी गेले. बेकरीवाल्यांनी कागदात गुंडाळलेला पाव आतून आणून दिला आणि अम्मांना सलाम सांगितला. तेव्हापासून दर महिन्याला जाते.

आई तो पाव कापते. कडा, लाद्या, पट्ट्या, चौकोन, सगळं पूर्वीसारखं. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, आई, आपण दोघीच बसू, तूच प्रार्थना म्हण, तुला तर सगळी पाठ आहे. मला वाटलं, मी काही मोठं देतेय. तिनं सुरी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी आठ वर्षांची असताना तो चौकोन तोंडात टाकला तेव्हा पाहिलं होतं तसंच. अधिकार पाळकाचा असतो, ती म्हणाली, आपण म्हटलं तर तो खेळ होतो. ज्यांनी तिला बाहेर ठेवलं त्यांच्यापेक्षा त्यांचा नियम तिलाच जास्त पक्का माहीत होता, आणि ती तो मोडणार नव्हती, स्वतःसाठी तर नाहीच.

मग तिनं कांदा चिरला, हिरवी मिरची, कढीपत्ता, मोहरीची फोडणी दिली आणि ते सगळे चौकोन कढईत लोटले. पावाचा उपमा. मनुका मात्र ती उकळत नाही. रात्री वाटीत भिजवून सकाळी खाते. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलंय.

कडांची बशी माझ्यापुढे येते. मी साय-साखर लावत नाही आता, तशाच चहात बुडवून खाते. आई उपम्याचा पहिला घास घेऊन म्हणते, "मीठ पाह्य बरं, झालं का?" मी पाहते. बहुतेक वेळा झालेलं असतं.